गावाकडच्या वाड्याची वाटणी: आमच्या घरी जे केलं ते, क्रमाने

स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होणार होती, त्याच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या घराच्या हद्दीवर चुना टाकायचा होता. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. मी सकाळच्या एसटीने पोचले, तर वाड्याच्या आतच चुन्याच्या दोन रेघा पडलेल्या. एक विहीर अर्धी कापून गेलेली, दुसरी दिवाणखान्याच्या पायरीवरून. माझा सख्खा भाऊ आणि दोन चुलतभाऊ रात्री फोनवर बोलले होते आणि सकाळी एका वाड्याचे तीन तुकडे झाले होते. आई ओसरीत बसून पाहत होती. म्हणाली, "भित्ती वाटा बापा, पन महालक्ष्म्या वाटू नोका."

त्यानंतर घरात एकमत व्हायला अडीच वर्षं लागली. मी वकील नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. पण या काळात प्रत्येक कागद माझ्या हाताखालून गेला. माझ्या दोन मैत्रिणींच्या माहेरी आज हेच चाललं आहे, म्हणून सगळं लिहून ठेवते.

भांडणाआधी खरेदीखत

आमच्याकडे प्रत्येकाचा दावा वेगळा होता. मोठा दादा म्हणे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बाबांचं, म्हणजे आमच्या मोठ्या बाबांचं नाव आहे, म्हणून वाडा आमचा. गावातला धाकटा चुलतभाऊ म्हणे, एकोणीस वर्षं मी राहतो, मी सांभाळतो. माझ्या सख्ख्या भावाला वाडा उकलून सागवान विकायचं होतं आणि जागेचे प्लॉट पाडायचे होते.

नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे. कर कोणाकडून घ्यायचा ते त्यावरून कळतं, घराचा मालक त्याने ठरत नाही. हे पहिल्याच बैठकीत दादाला सांगायला हवं होतं. आम्ही सात महिन्यांनी सांगितलं आणि तोवर दोन घरांतलं बोलणं बंद झालं होतं. तसंच, एक वारस घरात राहतो एवढ्याने बाकीच्यांचा हक्क जात नाही. घर सगळ्यांच्या वतीने त्याच्या ताब्यात आहे असंच धरतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे घर मुळात कोणाच्या नावावर कसं आलं ते शोधायचं. आबाजींच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, लोखंडी पेटीत एक कागद होता, मोडीत लिहिलेला, म्हणून कोणी हात लावला नव्हता. अमरावतीला एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून तो वाचून घेतला. १९३८ चं खरेदीखत निघालं. जागा आबाजींनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. या एका ओळीने सगळा हिशोब फिरला. वडिलोपार्जित घर आणि एका माणसाने स्वतः मिळवलेलं घर यांची वाटणी वेगळी होते. पेटीत कागद नसेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जुन्या दस्ताचा शोध घेता येतो. त्यासाठी साल आणि दोन्ही बाजूंची नावं लागतात, म्हणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ आधी बसा.

आणखी एक गोष्ट. आपली म्हातारी माणसं काळी आणि पांढरी असे दोन शब्द वापरत. काळी म्हणजे वावर, पांढरी म्हणजे गावठाण. वाटणीतही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवा. वावराला सातबारा असतो आणि तिथलं वाटप तहसीलदारांकडे करता येतं. वाडा पांढरीत असतो, त्याला सातबारा नाही. त्याचा कागद म्हणजे भूमी अभिलेखचं मालमत्ता पत्रक, आणि वाद झाला तर दिवाणी न्यायालय. आम्ही दोन्ही एकाच अर्जात घालायला गेलो आणि एक पावसाळा वाया घालवला.

वारसांची यादी, आत्यांसकट

आम्ही लहानपणापासून "तीन हिस्से" ऐकत आलो. मोठे बाबा, माझे बाबा, काकाजी. आबाजी गेले १९७१ मध्ये, मृत्युपत्र न करता. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यानुसार त्यांचे वारस म्हणजे आजी, तीन मुलगे आणि दोन मुली, म्हणजे सहा सारखे वाटे. पुढे आजी गेली, तिचा सहावा वाटाही त्या पाच लेकरांत सारखाच गेला. म्हणजे तीनाचे झाले पाच. दोन आत्या पन्नास वर्षं एक पंचमांश, एक पंचमांश मालकीण होत्या आणि घरात कोणाला याची जाणीव नव्हती. त्यांनाही नव्हती. धाकटी आत्या अकोटला असते. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

मग पुढची पिढी. बाबांच्या पंचमांशात आई, दोन भाऊ आणि मी असे चार. प्रत्येकी विसावा हिस्सा, रुपयात पाच पैसे. पाच पैसे छोटे वाटतात, पण यादीत नाव नसेल तर दस्त कच्चा राहतो. पुढे कर्ज काढताना किंवा विकताना तीच जागा उघडी पडते.

तुमचं घर वडिलोपार्जित असेल तर लेकीचा हक्क जन्मापासून आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलासारखीच सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार झाली. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल तर ती मात्र टिकते. "आमच्यात तोंडी वाटणी कधीच झाली" हे आता सहज चालत नाही. पूर्वी राहत्या घराबाबत तर असं कलम होतं की घरातले पुरुष वाटणी मागत नाहीत तोवर मुलीला मागता येत नसे. ते कलम २३ सुद्धा २००५ लाच गेलं. गावात बऱ्याच लोकांच्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही.

सही

हा भाग मी बहिणींसाठी लिहिते आहे. बाबा गेल्यावर वर्षाने, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, माझ्यापुढे १०० रुपयांचा मुद्रांक आला. पानं वाढायची होती, हाताला पुरण लागलेलं होतं, मी हात पुसून सही केली. वाचलं नाही. वर्षातून तीन दिवस माहेरी जायला मिळतं, त्या तीन दिवसांत कागद वाचायला मागणारी लेक कोणाला आवडत नाही हे मला माहीत होतं. वाईट भावांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनाही तो रिवाजच वाटत होता.

पुढे कळलं की तो कागद नोंदवलेलाच नव्हता. स्थावरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. न नोंदवलेल्या कागदाने माझा हक्क गेला नव्हता. तुम्हीही अशी सही करून बसला असाल तर खचू नका, आधी तो कागद नोंदवलेला आहे का ते पाहा. आणि यापुढे सणाच्या दिवशी सही करायची नाही. "घरी नेऊन वाचते, पंधरा दिवसांनी सांगते" एवढं वाक्य पुरतं. कोणाला हक्क सोडायचा असेल तर आनंदाने सोडा, पण किती हिस्सा, कोणाच्या नावे, पैसे घेऊन की न घेता, हे दस्तात स्वच्छ लिहून. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकांऐवजी ५०० चा लागतो, त्यामुळे कोणी जुन्या शंभराच्या मुद्रांकावर घाई करत असेल तर तिथेच थांबा.

बाईला तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट बाईला नाही. मी हे निवृत्तीनंतर शिकले.

वही

बैठकीत सगळ्यात जास्त आवाज चढतो तो "मी केलं" यावर. आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर घरासाठी कोणी काय खर्च केला, उजव्या पानावर घरातून कोणी काय नेलं. गावातल्या भावाने घरपट्टीच्या पावत्या, कौलं, धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर दर उन्हाळ्यात टाकलेल्या खाऱ्या मातीच्या बैलबंड्या, सुताराची मजुरी, सगळं काढलं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. भिंतींचा खालचा हातभर भाग खाराने पोपडे धरून सुटतो, आणि खाली काळी माती पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया दरवर्षी हलतो. शहरातून वर्षाला एकदा येणाऱ्या आम्हाला यातलं काही दिसत नव्हतं. डाव्या पानाची बेरीज ३ लाख ४० हजार झाली.

उजव्या पानावर त्यानेच लिहिलं की मागच्या कोठ्याच्या चार तुळया न विचारता विकल्या, ४० हजारांना. लिहिताना त्याचा चेहरा उतरला होता. त्याने ते स्वतः लिहिलं म्हणून पुढचं सगळं जमलं असं मला आजही वाटतं. निव्वळ ३ लाख त्याचे निघाले. पावती नसलेला खर्च घ्यायचा की नाही यावर भांडू नका. त्या वर्षी घरात कोण होतं त्याला विचारा आणि निम्मा धरा.

मधून भिंत घालू नका

चुन्याच्या त्या रेघांवर विटा चढल्या असत्या तर काय झालं असतं ते शेजारच्या गावी पाहिलं आहे. चौकाचा वाडा पाण्याच्या वाटेवर उभा असतो. चारी छतांचं पाणी चौकात, चौकातून मोरीने बाहेर. मधे भिंत आली की एका घराचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीत मुरतं. तुळया एका टोकाकडून दुसरीकडे सलग गेलेल्या असतात. एकाने आपल्या तीन खणांवर स्लॅब टाकायला लाकूड काढलं की पलीकडचे चार खण बसतात. तिथे दोन पावसाळ्यांत तिन्ही वाटे पडले, आता तिथे बाभळी आहेत.

न्यायालयाचंही असंच आहे. नीट विभागता येत नाही अशा घराबाबत १८९३ च्या वाटप कायद्यात तरतूद आहे. निम्मा किंवा जास्त हिस्सा असलेल्यांनी मागितलं तर न्यायालय विक्री करून पैसे वाटू शकतं, आणि बाकीच्या हिस्सेदारांना ते हिस्से ठरलेल्या किमतीत विकत घेण्याची संधी मिळते. म्हणजे शेवटी पैशावरच यायचं आहे. मग दहा वर्षं तारखा करून कशाला, घरी बसूनच यावं.

माझा भाऊ मधल्या काळात आपला हिस्सा लाकडाच्या व्यापाऱ्याला द्यायला निघाला होता. त्याला थांबवण्यासाठी मी तीन गोष्टी सांगितल्या, तुम्हीही लिहून ठेवा. बाहेरच्याने एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेतला तरी घरात येऊन राहायचा हक्क त्याला मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला तर घरातला कोणीही हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो. आणि उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ मुळे एका वारसाला विकायचं असेल तर सहवारसांचा पहिला हक्क असतो. हे कळल्यावर व्यापारीच मागे सरला.

पाकिटं

बैठक कधी घ्यायची? पेरणीच्या दिवसांत नको, कापूस घरात येत असताना नको, महालक्ष्म्यांना तर नकोच. आमची झाली फाल्गुनात, तूर-हरभरा निघाल्यावर. दुपारी, जेवण झाल्यावर, दिवाणखान्यात सतरंजीवर. जावई आणि सुना बसू शकतात, पण बोलायचं हिस्सेदाराने, हा नियम आईने घातला. आत्याला गाडी पाठवून आणलं. तिला खुर्ची दिली तेव्हा ती म्हणाली, "मले खालीच बसू द्या, मी या सतरंजीवरच वाढली."

आधी तीन आकडे सगळ्यांपुढे ठेवले: जागेची किंमत, जुन्या सागवानाची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च. पहिला आकडा शासनमान्य मूल्यांकनकाराकडून, दुसरा दोन व्यापाऱ्यांकडून, तिसरा गावच्या मिस्त्रीकडून. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर वाडा मागणाऱ्यांचा आवाज खाली येतो, म्हणून तो आधी वाचा.

मग ज्याला वाडा हवा त्याने संपूर्ण वाड्याची किंमत कागदावर लिहून पाकीट बंद करायचं. सर्वात मोठा आकडा ज्याचा, त्याने त्या किमतीवर बाकीच्यांचे हिस्से द्यायचे. नुसतं एवढंच केलं तर ज्याचा पगार मोठा त्याचा वाडा होतो आणि मग त्याला कुलूप लागतं. बंद मातीचं घर टिकत नाही. म्हणून आम्ही पाकिटं उघडण्याआधी एक अट सगळ्यांच्या सहीने लिहिली: वर्षातले आठ महिने जो तिथे राहील, त्याला सर्वात मोठ्या आकड्याची बरोबरी करण्याची एक संधी. अट आधी लिहायची. पाकिटं उघडल्यावर लिहिलेली अट पक्षपात वाटते.

मोठ्या दादाचा आकडा २१ लाख, गावातल्या भावाचा १९. भावाने रात्रभर विचार केला आणि सकाळी २१ ला हो म्हटलं.

हिशोब असा. २१ लाखांचा विसावा भाग १ लाख ५ हजार. वहीतल्या ३ लाखांचा विसावा भाग १५ हजार, तो वजा. म्हणजे विसाव्या हिश्शाला ९० हजार. भावाचा स्वतःचा पंचमांश सोडून सोळा विसांश देणं, १४ लाख ४० हजार. शेतकऱ्याजवळ हे एका वेळी नसतं. म्हणून चार घरं, चार वर्षं, दर वर्षी मार्चमध्ये एका घराचे ३ लाख ६० हजार. पहिला नंबर धाकट्या आत्याचा, कारण तिचं वय ७९. मग मोठ्या आत्याची मुलं, मग दादाचं घर, शेवटी आमचं. दादाला हे जड गेलं. त्याने तीन महिने फोन घेतला नाही. मग एका संध्याकाळी त्यानेच करारावर सही करायची तारीख विचारली.

कागद पक्के करताना

हा सगळा ठराव लेखी करून आम्ही नोंदवला. झालेल्या तोंडी समझोत्याची नुसती आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही, पण ज्या कागदाने हक्क तयार होतो त्याला लागते. या दोहोंतली रेघ बारीक आहे. मी नोंदवाच असं सांगेन.

पैसे आणि हक्कसोडपत्र एकाच दिवशी. बँकेतून पैसे खात्यावर आले की त्याच दुपारी दुय्यम निबंधकापुढे अंगठा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेऊ नका, आयकराच्या कायद्याने ते चालत नाही. हक्कसोडपत्रात रक्कम खरी लिहा.

मोठ्या आत्याचा एक मुलगा परदेशात असतो. त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीपुढे झालं. ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यावं लागतं, हे शेवटच्या आठवड्यात कळलं आणि धावपळ झाली.

दस्त झाला की थांबू नका. ग्रामपंचायतीत नमुना ८ ची नोंद आणि भूमी अभिलेखकडे मालमत्ता पत्रकाची नोंद, दोन्ही वेगवेगळ्या कराव्या लागतात. एक झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

न्यायालयात आधीच दावा पडला असेल तर लोकअदालतीत तडजोड करा. तो निवाडा दिवाणी हुकुमासारखाच असतो, त्यावर अपील होत नाही, आणि कोर्ट फी परत मिळते.

आई

आईची खोली माजघराला लागून, देवघरासमोर. तिला तहहयात त्या खोलीत राहण्याचा हक्क आणि देवघरात जाण्याची वाट, हे करारात स्वतंत्र कलम आहे. "राहीलच की, कोण काढते?" असं गावातला भाऊ म्हणाला आणि ते मनापासूनच म्हणाला. तरी लिहिलं. म्हाताऱ्या आईवडिलांनी घर मुलाला बक्षीस देताना सांभाळण्याची अट दस्तात घातली आणि पुढे सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे जावं लागतं. अट लिहिलेली असेल तर त्यांना बोट ठेवायला ओळ सापडते.

बंगई, हंडे, कोठी

घरापेक्षा वस्तूंवर जास्त रडारड होते. पितळी हंडे, घंगाळ, सागवानी कोठी, आणि दिवाणखान्यातली बंगई, म्हणजे झोपाळा. सगळ्यांची यादी करून पाळी लावली. प्रत्येकाने एकेक वस्तू निवडायची, सुरुवात बहिणींपासून, कारण वीस वर्षं उरलंसुरलंच त्यांच्या वाट्याला आलं. छताच्या कड्यांना टांगलेलं आणि भिंतीत बसवलेलं घरासोबत राहील, हे आधी ठरवलं, म्हणून बंगई वाचली. मी आजीचं घंगाळ घेतलं. आत्याने काही न घेता फक्त जात्याचा खुंटा मागितला.

महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना यादीत घेतलंच नाही. ते वाड्यातच राहतील, सण तिथेच होईल आणि खर्च पाचही घरांनी सारखा उचलायचा, हे करारात नव्हे, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आणि सगळ्यांनी सही केली. मागच्या वर्षी आंबिलीची ज्वारी आत्याकडून आली, सोळा भाज्यांचं दादाच्या सुनेने पाहिलं, तो स्वतः तिसऱ्या दिवशी आला. दोन घरांचे पैसे पोचले आहेत. तिसरा हप्ता, दादाचा, येत्या मार्चमध्ये आहे आणि भावाने त्यासाठी तूर अजून विकलेली नाही, दर चढण्याची वाट पाहतो आहे.